धाड कोणावर, धाक कोणाला?

दारव्हा तालुक्यातील पुष्कळ माणसे वर्षातून चार-सहा महिने परकी होतात. सोयाबीन निघाले, दिवाळी आटोपली, की तांड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, गोधड्या, कडेवरचे मूल आणि जमल्यास एखादी शेळी एवढा संसार त्यात चढतो. कोणी पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर जातो, कोणी पुण्या-मुंबईच्या इमारतींवर, कोणी हैदराबादकडे. मागे राहते ती घराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी. कोरडवाहू कापसाच्या भरवशावर ज्या मुलखात वर्ष निघत नाही, त्या मुलखाच्या नशिबी ही वाट ठरलेलीच आहे. एके काळी येथला कापूस शकुंतला गाडीतून मोतीबाग स्थानकावरून मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबईला जात असे. ती गाडी बंद पडली. आता कापूस ट्रकने जातो, आणि त्याच्या मागोमाग माणसेही ट्रकनेच जातात.

हे सारे वाचकांना ठाऊक आहे. तरीही ते प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, परदेशी घुसखोर शोधण्यासाठी कामाच्या जागी घालण्यात येणाऱ्या धाडींचा विषय निघाला की आपल्याकडे लोक खांदे उडवतात. तो मीरा रोडचा प्रश्न, ठाण्याचा प्रश्न, फार तर बंगालचा प्रश्न. कापूस-सोयाबीनच्या मुलखाला त्याचे काय, असे म्हटले जाते. हे मत मला मुळीच मान्य नाही. ज्या गावची माणसे परमुलखात जाऊन पोट भरतात, त्या गावाइतका या धाडींशी दुसऱ्या कोणाचाही जवळचा संबंध नाही.

आधी २०२५ साली काय घडले ते पाहू. जानेवारीत वांद्रे येथे एका चित्रपट अभिनेत्यावर त्याच्या राहत्या घरी हल्ला झाला. पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले. गुन्ह्याचा तपास करणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्या एका आरोपीच्या नावाने मुंबई-ठाणे परिसरातील मजुरांच्या वस्त्या आणि बांधकामे पिंजून काढण्याच्या मोहिमेला जो जोर चढला, तो तपास नव्हता. मे महिन्यात केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळविले की, संशयित आपल्याला भारतीय म्हणवीत असेल तर त्याच्या मूळ राज्याने तीस दिवसांत पडताळणी करून कळवावे. तीस दिवस ही मुदत अपुरी की पुरेशी, हा वाद बाजूला ठेवू. तेवढेही दिवस गेले नाहीत. जूनमध्ये मीरा रोड येथे गवंडीकाम करणारा मुर्शिदाबाद जिल्ह्यातील एक कामगार ताब्यात घेण्यात आला. घरच्यांनी कागद पाठविले, पश्चिम बंगालच्या अधिकाऱ्यांनी निरोप दिले. तरीही काही दिवसांच्या आत त्याला सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. महाराष्ट्रातून असेच पाठविलेले आणखी काही बंगाली मजूर होते. लगेच त्या सर्वांना परत आणावे लागले, कारण ते भारताचेच नागरिक होते.

त्याच महिन्यात दिल्लीत कचरा वेचून जगणारी बीरभूम जिल्ह्यातील एक गरोदर स्त्री नवऱ्यासह आणि लहान मुलासह सीमेपलीकडे पाठविण्यात आली. कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती कारवाई रद्द ठरविली, आणि अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर डिसेंबरमध्ये ती आणि तिचा मुलगा परत आले. दिवस भरत आलेली बाई मधले महिने परदेशात, काही काळ तर तुरुंगात होती. जिच्यावर ही वेळ आली ती भारतीय ठरली म्हणून निदान बातमी तरी झाली.

यात नवे काहीच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी जरीकाम करणारे बंगाली मुसलमान मजूर बांगलादेशी म्हणून धरले आणि त्यांना हावड्याच्या गाडीत बसवून सीमेकडे नेले. पश्चिम बंगालमध्ये उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. यांतले अनेकजण आमच्याच जिल्ह्यांतले आहेत, असे त्या राज्यातून तेव्हा सांगितले जात होते. महाराष्ट्रात त्या वेळी शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. त्यानंतर काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार पंधरा वर्षे होते. त्याही काळात हा रिवाज पुरता मोडला असे नाही. म्हणून हा लेख एका पक्षावरचा ठपका समजू नये. हा ठपका राज्यकारभाराच्या एका सवयीवर आहे. दारिद्र्य आणि अनोळखी भाषा यांची बेरीज करून त्याला संशय हे नाव द्यावयाचे, अशी ती सवय आहे.

बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी, हे गणित विदर्भात तर अगदीच लंगडे पडते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना भारत सरकारनेच त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील मुलचेरा-चामोर्शी भागात जमिनी देऊन वसविले. त्यांची तिसरी पिढी आज तेथे भाताची शेती करते. प्रत्येक तालुक्याच्या सराफ्यात दागिने घडविणारा बंगाली कारागीर दिसतो. खेड्यापाड्यांत ‘बंगाली डॉक्टर’ म्हणून ज्याच्याकडे लोक सुई टोचून घ्यायला जातात त्यालाही आपण ओळखतो. (त्याची पदवी जरूर तपासावी, भाषा तपासून रोग्याचा काही फायदा नाही.) आणि आता तर भाषेवरूनच माणूस ओळखण्याचे यंत्र निघाले आहे. मुंबईच्या आयआयटीच्या सहकार्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचे असे एक साधन तयार होत असल्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जानेवारी २०२६ मध्ये, मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या धामधुमीत सांगितले. बोलण्याच्या ढंगावरून ते म्हणे प्राथमिक छाननी करील. पद्मा नदीच्या अलीकडचा मुर्शिदाबादी आणि पलीकडचा राजशाहीचा माणूस यांच्या बोलीत जेवढे अंतर असेल, तेवढेच पांढरकवड्याच्या आणि आदिलाबादच्या मराठी माणसात आहे. उद्या तेलंगणाच्या पोलिसाने अशाच यंत्रासमोर केळापूर तालुक्यातील मजुराला उभे केले, तर ते यंत्र काय उत्तर देणार? आणि आमच्या तांड्यावरच्या गोरबोलीला ते कोणत्या देशात घालणार?

कोणी म्हणेल, ज्याच्याजवळ कागद आहेत त्याने भ्यावयाचे कारण काय? हा प्रश्न ज्यांच्या कपाटात कागद असतात तेच विचारतात. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याने आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी संशयितावरच टाकली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा ज्या नव्या कायद्याने घेतली त्यानेही ती तशीच ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामातील एका प्रकरणात बजावले आहे की, एवढ्या आधारावर कोणालाही उचलून ‘तू परका, नाही ते सिद्ध कर’ असे म्हणता येणार नाही; संशयाला काही ठोस आधार आधी शासनाजवळ असला पाहिजे. पण हा निकाल पोलीस चौकीत रात्री दोन वाजता कोण वाचून दाखविणार? दुसऱ्या बाजूने ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामिनाच्या अर्जावर म्हटले की, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यावरून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते चूक नाही. मात्र मजुराजवळ जे तीन कागद असतात ते नेमके हेच. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला तर नुसता स्वतःचा जन्म दाखवून भागत नाही. आईबापांपैकी निदान एकाचे नागरिकत्व दाखवावे लागते, आणि डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याची अट त्याहूनही कडक आहे. म्हणजे पाट्या वाहणाऱ्या वीस वर्षांच्या पोराने आईबापांचे कागद कमरेला बांधून फिरावयाचे.

कागद मिळविणे म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्याला शिकविण्याची गरज नाही. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी आमच्या विमुक्त-भटक्यांकडे १९६१ पूर्वीचा आणि आदिवासींकडे १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो मिळविण्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचा दाखल-खारीज उतारा, आज्याच्या नावाचा सातबारा यांच्या मागे तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणारी पोरे येथे पिढ्यान् पिढ्या दिसत आली आहेत. आजा शाळेत गेला नव्हता, आज्याला जमीन नव्हती, आणि कोतवालाने नाव लिहिले ते भलतेच. आपल्याच जिल्ह्यात, ओळखीच्या तलाठ्याकडून, वर्षभराच्या खेपांनी जो कागद मिळत नाही तो हजार मैलांवरच्या पोलीस ठाण्यात दोन दिवसांत हजर करा, असे जेव्हा मुर्शिदाबादच्या गवंड्याला सांगितले जाते, तेव्हा त्याच्या तोंडचे पाणी का पळते हे दारव्ह्याच्या माणसाला समजले पाहिजे.

आता कागदांच्या चोरीविषयी. शेजारच्या आर्णी तालुक्यातील शेंदूरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघडकीस आले. ग्रामपंचायतीच्या संगणकीय खात्याचा गैरवापर करून हे झाले. हा गंभीर गुन्हा आहे. त्याची पाळेमुळे खणून काढली पाहिजेत आणि ज्यांनी हे दुकान चालविले त्यांना शिक्षा झाली पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण याची झळ कोणाला लागली ते पाहा. मालेगाव आदी ठिकाणच्या तक्रारींवरून राज्य सरकारने २०२५ च्या जानेवारीत उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणे थांबविले आणि मार्चमध्ये नवे कडक नियम लावले. चोर संगणकावर बसून हजारो दाखले काढतो, आणि ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेल्या पोरीच्या आईला मात्र एका खऱ्या दाखल्यासाठी साक्षीदार, पंचनामा आणि पोलिसांचा अहवाल गोळा करीत फिरावे लागते. खोटा कागद बाजारात विकत मिळतो. खरा कागद मिळण्यासाठी ओळख लागते. घुसखोराजवळ कागद असतो आणि नागरिकाजवळ नसतो, अशी उलटी अवस्था याच कारभाराने निर्माण केली आहे.

धाड म्हणजे काय, हेही येथे नवीन नाही. पारध्यांच्या बेड्यांना विचारा. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. परंतु पंचक्रोशीत कोठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी अगोदर बेड्याकडे वळते, हा नियम रद्द झाला नाही. पुरुष रानात पळतात, बाया कोर्टाकडे धावतात, पोरांची शाळा सुटते, आणि दुसऱ्या दिवशी शेतमालक कामाला बोलावीत नाही. बेड्यावरची ती धाड आणि बांधकामावरची ही धाड यांचे रक्त एकच आहे. दोन्ही ठिकाणी कृत्याचा शोध घेतला जात नाही. माणसाची जात पाहिली जाते. आणि सरकारनेच एकदा एखाद्या समूहाकडे बोट दाखविले, की लोकही आपल्या परीने पोलीस होतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. तेही मराठीच होते आणि महाराष्ट्राचेच होते.

धाडीने धरलेल्यांचे काय होते याची थोडीबहुत चर्चा होते; पण ज्या गावात धाड पडते त्या गावाचे काय होते हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही. अमेरिकेत तो विचारला गेला, म्हणून तेथले एक उदाहरण जरा विस्ताराने देतो. आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचे गाव आहे. वस्ती दोन-अडीच हजार, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. गावाचे पोट मांसाच्या एका मोठ्या कारखान्यावर. १२ मे २००८ रोजी सरकारी माणसांनी त्या कारखान्याला वेढा घालून ३८९ कामगार धरले. त्यांतले बहुतेक ग्वाटेमालातून आलेले गरीब शेतमजूर होते. जवळच्या शहरात गुरांच्या प्रदर्शनाचे मैदान होते. तेथे त्यांना ठेवले आणि तेथेच न्यायालय बसविले. एकेका वेळी दहा-दहा जण साखळ्यांसकट उभे करून थोड्याच दिवसांत अडीचशेहून अधिक जणांना पाच-पाच महिन्यांच्या शिक्षा ठोठावण्यात आल्या. लहान मुले घरी असलेल्या आयांना सोडले, पण घोट्याला पाळतीचे यंत्र बांधून. त्यांना काम करण्याची परवानगी नव्हती आणि गाव सोडण्याचीही नव्हती.

पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी शाळेचे वर्ग ओस पडले. जी कुटुंबे धाडीत सापडली नव्हती तीही चर्चच्या आसऱ्याला गेली किंवा रातोरात निघून गेली. भाड्याची घरे रिकामी झाली आणि दुकाने बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कारखान्याचे दिवाळे निघाले, म्हणजे ज्यांच्या नोकऱ्या वाचविण्यासाठी धाड घातली असे सांगितले जात होते त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. संशोधकांनी नंतर आयोवातील जन्मनोंदी तपासल्या. त्यांना असे आढळले की, धाडीनंतरच्या काळात लॅटिन अमेरिकी वंशाच्या आयांच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. हे केवळ त्या गावापुरते नव्हते. साऱ्या राज्यात, अमेरिकेतच जन्मलेल्या आणि कोणत्याही धाडीची कायदेशीर भीती नसलेल्या आयांच्या बाबतीतही हे दिसले. कायदा कागद पाहतो, पण भीती आडनाव पाहते. गोऱ्या आयांच्या बाळांत असा फरक आढळला नाही.

हे दूरचे वाटत असेल तर गुरुग्राम घ्या. जुलै २०२५ मध्ये तेथे बंगाली बोलणाऱ्या मजुरांना धरून समाजमंदिरांत कोंडण्यास सुरुवात झाली तेव्हा वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. लोक मिळेल त्या गाडीने बंगालकडे निघाले. मग उंच इमारतींतल्या कुटुंबांना कळले की आपला कचरा कोण उचलीत होते आणि धुणीभांडी कोण करीत होते. कचऱ्याचे ढीग साचल्याच्या बातम्या दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी छापल्या. मजूर घर सोडून का पळाले याला मिळालेल्या जागेपेक्षा ढिगाऱ्यांना मिळालेली जागा कमी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या घरासमोर असे काही घडले तर? दारव्ह्याच्या आसपास जिनिंगच्या हंगामात परप्रांतीय हमाल येतात, बोअरच्या गाड्यांवर दाक्षिणात्य आणि छत्तीसगढी पोरे असतात, फरशी बसविणारा आणि छताला नक्षी करणारा बहुधा उत्तरेकडचा असतो. त्यांचा एक संसार या गावाशी बांधलेला आहे. किराणा दुकानातली वही, खानावळीचा महिना, खोलीचे भाडे, पानठेल्यावरची उधारी, मोबाइलच्या दुकानातून घरी पाठविलेले पैसे असे ते धागे आहेत. धाड पडली तर दोन-चार माणसे धरली जातील. पण वीस-पंचवीस माणसे रातोरात निघून जातील, आणि त्यांची उधारी बुडेल ती मोठ्या शेठजीची नव्हे, खानावळवाल्या बाईची. शिवाय खोलीमालक पुढच्या वेळी मुसलमानाला खोली देणार नाही, आणि त्यात बंगालचा मुसलमान आणि आपल्या दिग्रस-पुसदचा मुसलमान असा भेद तो करीत बसणार नाही.

तथापि, या धाडींचा सर्वांत खोल परिणाम मजुरीच्या दरावर होतो. ज्या मजुराला केव्हाही परका ठरवता येते तो मजुरी मागत नाही. मुकादमाने दोन आठवड्यांचे पैसे दाबले, तर तो कोणाकडे जाणार? पोलिसाकडे? मुकादमाने ‘चौकीला कळवू का?’ एवढे नुसते विचारले की हिशेब मिटतो. मग तोच कंत्राटदार दारव्ह्याहून गेलेल्या बिगाऱ्याला सांगतो की, बंगालचा माणूस तुझ्यापेक्षा कमी पैशांत राबतो, परवडत असेल तर राहा. आमचा माणूस त्या बंगाल्यावर चिडतो. त्याची चीड मला समजते. पण बंगाली मजूर स्वस्त झाला तो बंगाली आहे म्हणून नव्हे, भ्यालेला आहे म्हणून. आणि त्याला जितके अधिक भिवविले जाईल तितका तो अधिक स्वस्त होईल. स्थानिक मजुराच्या हिताच्या नावाने घातलेली धाड स्थानिक मजुराचीच मजुरी खाली ओढते. मालकाच्या हाती याहून स्वस्त आणि सोयीचे शस्त्र कोणते असेल? त्याला त्याचा परवानाही काढावा लागत नाही.

खरे म्हणजे कामाच्या जागी जाऊन तपासणी करण्याची एक जुनी आणि कायदेशीर पद्धत या देशात होती. कामगार खात्याचा निरीक्षक जाई, हजेरीपट पाही, किमान वेतन मिळते की नाही ते विचारी. ती पुरेशी होती असे कोणी म्हणणार नाही. निरीक्षकाला चहा पाजून परत पाठविण्याची कलाही तितकीच जुनी आहे. पण तत्त्व तरी असे होते की, धाड पडावयाची ती मालकावर. परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठी १९७९ साली स्वतंत्र कायदा झाला होता. कंत्राटदाराने परवाना घ्यावा, मजुराला पासबुक द्यावे, घर सोडल्याबद्दल भत्ता द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. त्याची अंमलबजावणी किती झाली हे २०२० च्या टाळेबंदीत रस्त्याने चालत गेलेल्या माणसांनी दाखवून दिले. ती कोणत्या यादीत आहेत हे सरकारला सांगता येत नव्हते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या संहितेत विलीन झाला आहे. पाच मजुरांपासून लागू होणाऱ्या तरतुदी आता दहा मजुरांपासून लागू होतात, विस्थापनाचा भत्ता गळाला आहे, आणि निरीक्षकाचे नावच बदलून तो ‘निरीक्षक आणि सुविधाकार’ झाला आहे. म्हणजे मालकाकडे जाणारा अधिकारी सुविधा घेऊन जातो, आणि मजुराकडे जाणारा बेड्या घेऊन जातो. आणि दारव्ह्याहून कोल्हापूरला गेलेला ऊसतोड मजूर तर या आंतरराज्य तरतुदींत जुन्या कायद्यातही नव्हता आणि नव्यातही नाही, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नाही. त्याने फक्त पाचशे किलोमीटर ओलांडले आहेत.

मग परदेशी नागरिकांनी खुशाल यावे काय? असा प्रश्न मला विचारला जाईल, आणि तो टाळण्याचे कारण नाही. कोण देशात आले आणि कोण राहिले हे पाहण्याचा अधिकार प्रत्येक राज्यसंस्थेला आहे, भारतालाही आहे. बेकायदा सीमा ओलांडून आलेला माणूस न्यायालयासमोर नेऊन, त्याच्या देशाची ओळख पटवून परत पाठविला तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती न्यायालय वगळण्याला. अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याची आपल्या राज्यघटनेची आज्ञा शत्रुराष्ट्राचा नागरिक सोडला तर परक्यालाही लागू आहे. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या रक्षणाचे तिचे आश्वासन नागरिकापुरते नाही, ‘व्यक्ती’ला आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय हातापायांत बेड्या घालून अमृतसरला आणून सोडण्यात आले. त्यांत तीन महाराष्ट्राचे होते. तेव्हा आपला संताप झाला, संसदेत गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. ते कायदा मोडून गेले होते, हे कोणी नाकारीत नव्हते. तरी माणसाला असे आणू नये, असे आपण म्हणालो. मीरा रोडच्या गवंड्याने तर कायदाही मोडला नव्हता.

मागणी फार मोठी नाही. कामाच्या जागेवरून कोणालाही नेताना संशयाचे कारण लिहून ठेवावे. जो आपले गाव-जिल्हा सांगतो त्याच्या जिल्ह्याचे उत्तर येईपर्यंत त्याला सीमेकडे नेऊ नये, आणि उत्तर आले नाही तर तो दोष त्याचा मानू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्या दिवशी मिळावा, पंधराव्या दिवशी नव्हे. आणि आपल्या बाजूने ग्रामपंचायतीने हंगामाला बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद करून सहीशिक्क्याचा दाखला द्यावा, त्यावर कोणी खात्री करू पाहील तर उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक असावा. यासाठी मंत्रालयाच्या ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामसभा हे उद्या करू शकते. त्याच ग्रामसभेने गावात कामाला आलेल्या परमुलखातल्या मजुरांचीही नोंद अशीच करावी, आणि ती पोलिसांसाठी नव्हे, मजुरी बुडाली तर विचारणा करता यावी म्हणून.

गेल्या हंगामात तांड्यावरच्या एका बाईने मला विचारले, कागदांची पिशवी बरोबर न्यावी की घरी ठेवावी? फडावर नेली तर पावसाने भिजते, कोपीला आग लागली तर जळते. घरी ठेवली तर अडल्या वेळी कोण पाठविणार? मी तिला नकला काढून मूळ कागद सासूजवळ ठेवायला सांगितले. झेरॉक्सच्या दुकानासमोर तिच्या आधी सात-आठ जण उभे होते. प्रत्येकाच्या हातात तशीच एकेक पिशवी होती.